जनुकीय तपासणी, घराणे आणि परिचारिका : सीमाभागातील अनुभव

मलप्रभा

गेली २२ वर्षे मी बेळगाव परिसरात परिचारिका म्हणून काम करते आणि त्यातली शेवटची ९ वर्षे प्रसूतिपूर्व तपासणीच्या विभागात आहे. जनुकीय आरोग्यसेवा हा शब्द ऐकला की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर बंगळूर-पुण्याच्या प्रयोगशाळा येतात. प्रत्यक्षात तिचा अर्धा भाग आमच्या खोलीतल्या लाकडी बाकावर घडतो, आणि तो नीट घडला नाही तर प्रयोगशाळेतल्या कामाचा त्या घराला फारसा उपयोग होत नाही. त्याविषयी सविस्तर लिहावे आणि इतरांचेही अनुभव ऐकावेत, म्हणून हा धागा काढत आहे.

काही दिवसांपूर्वी खानापूर तालुक्यातील एक जोडपे आले होते. पहिल्या मुलाला थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा आनुवंशिक आजार असून त्याला दर तीन आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि आता बाईंना दहावा आठवडा चालू होता. पिशवीत इंग्रजी अहवाल होते, संमतिपत्र कानडीत होते आणि दोघांनाही वाचता येत होती ती फक्त मराठी. सासूबाई सोबत होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सिस्टर, हिच्या रक्तात दोष आहे असं लिहिलंय ना?" अहवालात दोघांचाही एचबीए-२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) वाढलेला होता, म्हणजे मुलगा आणि सून दोघेही वाहक होते : स्वतःला आजार नाही, पण तो पुढे देऊ शकणारे जनुक दोघांतही. सून ही सासूबाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी असल्यामुळे ते जनुक बहुधा त्यांच्याच माहेरून दोन वाटांनी त्या घरात आलेले असणार, पण ही गोष्ट त्या क्षणी बोलून दाखवण्याची नव्हती.

मी चार चिठ्ठ्या केल्या. एकीवर "निरोगी", दोन चिठ्ठ्यांवर "वाहक, पण आजार नाही" आणि एकीवर "आजार" असे लिहिले आणि त्या डब्यात टाकून एक उचलायला सांगितली. उचललेली चिठ्ठी पुन्हा डब्यात टाकायला लावली, आणि मग सांगितले की प्रत्येक गरोदरपणात चारही चिठ्ठ्या पुन्हा डब्यात असतात. एक मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा समज मी इतक्या घरांत पाहिला आहे की "२५ टक्के शक्यता" हे शब्द मी आता सुरुवातीला उच्चारतच नाही. सासूबाईंनी स्वतः दोनदा चिठ्ठी उचलली. त्यानंतर त्यांनी "दोष" हा शब्द वापरला नाही.

मग वेळेचा प्रश्न आला. गर्भाला आजार आहे का हे पाहण्यासाठी वारेच्या पेशींची तपासणी साधारण ११ ते १३ आठवड्यांत होते, आणि ती वेळ हुकली तर १६ आठवड्यांच्या सुमारास गर्भजल घ्यावे लागते. त्याआधी आई-वडील दोघांच्या जनुकातला नेमका बदल माहीत असावा लागतो आणि तो शोधण्यातच काही आठवडे जातात. पहिल्या मुलाच्या वेळीच हे काम झाले असते तर आज धावपळ झाली नसती. तायी कार्डावर, म्हणजे कर्नाटकातील गरोदर मातेच्या कार्डावर, नोंद करताना जी सिस्टर "पहिलं मूल कसं आहे, घरात कुणाला वारंवार रक्त द्यावं लागतं का, तुम्ही नात्यातले आहात का" हे तीन प्रश्न विचारते, ती त्या घराला चार-पाच आठवडे मिळवून देते.

आणखी एक गोष्ट. आपल्या भागात हेळवी येतात आणि घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात, हे बहुतेकांनी लहानपणी पाहिले असेल. परिचारिकाही वंशावळच काढते. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, आजारी असेल तर आकृती भरलेली, आणि नात्यातले लग्न असेल तर दोघांना जोडणारी दुहेरी रेघ. पण हेळव्याची चोपडी घराण्याच्या नावाने चालते, तर आमच्या कागदावर सासरी गेलेल्या लेकी, माहेरची माणसे, आठव्या महिन्यात गेलेले बाळ आणि नाव ठेवण्याआधीच वारलेले मूल हे सारे तितकेच महत्त्वाचे असतात. ही माहिती डॉक्टरांच्या पाच मिनिटांत बाहेर येत नाही. रक्तदाब मोजताना, सलाईनची बाटली बदलताना, पुरुष माणसे औषधे आणायला खाली गेल्यावर ती हळूहळू बाहेर येते.

माझे म्हणणे इतकेच आहे की या कामाला काम म्हणून मान्यता आणि ड्यूटीच्या वेळापत्रकात वेळ मिळाला पाहिजे. आज ते ज्या त्या सिस्टरच्या स्वभावावर सोडलेले आहे.

वेदगंगा

मी निपाणी भागातील आहे. माझ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे आणि तो आता ११ वर्षांचा आहे. ताईंनी लिहिलेला प्रत्येक शब्द मी जगले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मुलगा सात महिन्यांचा असताना निदान झाले. ज्या रुग्णालयात झाले तिथे आम्हाला "आयुष्यभर रक्त द्यावे लागेल" एवढेच सांगण्यात आले आणि पुढची तारीख देण्यात आली. आम्ही दोघे वाहक आहोत म्हणजे काय, हे मला पुढची दीड वर्षे कळले नव्हते. त्या दीड वर्षात मी स्वतःला किती दोष दिला आणि इतरांनी किती दिला, हे लिहिण्यात अर्थ नाही.

ते समजावून सांगितले रक्त चढवण्याच्या वॉर्डातल्या एका सिस्टरांनी. त्या मूळच्या केरळच्या होत्या, मराठी मोडकी बोलत, पण दर वेळी बाळाची शीर शोधता शोधता एकच गोष्ट थोडी थोडी सांगत. रक्तातून शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी गोळी रोज का द्यायची, फेरिटिन म्हणजे काय, ती गोळी आम्ही का चुकवतो, हे त्यांनी न रागावता विचारले. गोळीची चव मुलाला आवडत नाही हे मी डॉक्टरांना कधीच सांगितले नव्हते, त्यांना सांगितले.

आणि एके दिवशी त्यांनी विचारले, "तुमच्या नवऱ्याला बहीण आहे का?" नणंदेचे लग्न तेव्हा ठरत होते. घरात हा विषय काढल्यावर मोठे भांडण झाले. लग्न मोडेल, पाहुण्यांत बोभाटा होईल, अशी भीती सर्वांना होती. शेवटी नणंदेने स्वतःच तपासणी केली आणि ती वाहक निघाली. मग तिने होणाऱ्या नवऱ्याला विश्वासात घेऊन सांगितले आणि त्याचीही तपासणी झाली, ती सामान्य आली. दोघांपैकी एकच वाहक असेल तर मुलाला मेजर होत नाही, हे सिस्टरांनी त्या मुलाला आणि त्याच्या आईला समोर बसवून समजावले. लग्न झाले. आज तिला दोन मुले आहेत.

त्या सिस्टर नंतर नोकरी सोडून गेल्या आणि त्यांच्या जागी आलेल्यांना यातले काही करण्यास वेळ नव्हता. एका माणसावर हे सारे अवलंबून असू नये, हे ताईंचे म्हणणे मला म्हणूनच पटते.

मार्कंडेय

मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. परिचारिकांच्या कामाचा जो भाग आमच्यापर्यंत पोहोचतो, म्हणजे नमुना, त्याविषयी लिहितो. कारण त्यात झालेली चूक नंतर कितीही समुपदेशन केले तरी भरून येत नाही.

गुणसूत्रांची तपासणी, म्हणजे कॅरिओटाइप, करायची असेल तर पेशी जिवंत लागतात, त्यामुळे रक्त हेपरिनच्या हिरव्या झाकणाच्या नळीत घ्यावे आणि ते गोठू देऊ नये. डीएनए तपासणीसाठी ईडीटीएची जांभळ्या झाकणाची नळी चालते. या दोन नळ्यांची अदलाबदल झाल्यामुळे परत पाठवलेले नमुने मी स्वतः हाताळले आहेत. गर्भवतीच्या बाबतीत असा एक नमुना परत येणे म्हणजे आठवडा गेला.

दुसरी गोष्ट रक्त चढवल्याची. ज्या मुलाला नुकतेच रक्त दिले आहे त्याच्या एचपीएलसी तपासणीत (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) दात्याचे हिमोग्लोबिन मिसळलेले दिसते आणि अहवाल फसवा येतो. शेवटच्या रक्तानंतर साधारण तीन महिने थांबणे ज्या मुलाला शक्य नाही, त्याच्या आई-वडिलांची तपासणी आधी करणे हा सरळ मार्ग आहे. मागणीच्या कागदावर "शेवटचे रक्त कधी दिले" ही ओळ बहुतेक वेळा रिकामी असते, आणि ती भरू शकणारी व्यक्ती म्हणजे वॉर्डातील परिचारिका.

तिसरी गोष्ट लोहाची. आपल्याकडील गरोदर स्त्रियांमध्ये लोहाची कमतरता इतकी सर्रास आहे की लहान आकाराच्या तांबड्या पेशी दिसल्या की लोहाच्या गोळ्या देऊन मोकळे होण्याची सवय लागली आहे. वाहक स्त्रीच्या पेशीही लहानच असतात. शिवाय लोह फार कमी असेल तर एचबीए-२ खाली येतो आणि ३.५ टक्क्यांच्या रेषेच्या आत राहून वाहक असल्याचे लपून जाते. गोळ्या नियमित घेऊनही पेशींचा आकार वाढत नसेल, तर ते लक्षात येणारी पहिली व्यक्ती दर महिन्याला तायी कार्ड पाहणारी सिस्टरच असते. तिने शंका घेतली तर आम्ही पुढचे काम करू शकतो.

नवजात बाळाच्या टाचेचे रक्त फिल्टर पेपरवर घेताना वर्तुळ पूर्ण भरावे, एकाच ठिकाणी दोनदा थेंब टाकू नये आणि कागद उन्हात किंवा पंख्याखाली न ठेवता आडवा ठेवून सावलीत वाळू द्यावा. हे माहीत असलेल्यांनाही पुन्हा सांगतो, कारण आमच्याकडे येणारे बरेच कागद घाईत दुमडलेले असतात.

दूधगंगा

सर्वांचे अनुभव मोलाचे आहेत, पण एक शंका मांडतो. मी चिकोडी भागात वैद्यकीय व्यवसाय करतो. परिचारिकांवर आधीच रुग्णांचा आणि नोंदवह्यांचा भार असह्य आहे. त्यात जनुकीय समुपदेशनही त्यांच्याकडेच द्यायचे का? हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. अर्धवट माहितीवर दिलेला सल्ला घरे उद्ध्वस्त करू शकतो. कायद्याची बाजूही आहे : १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यानुसार जनुकीय समुपदेशन केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. समुपदेशकांची पदे निर्माण करा, अशी मागणी अधिक योग्य ठरणार नाही का?

मलप्रभा

डॉक्टर, तुमची शंका रास्त आहे आणि पदांच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. परिचारिकेने समुपदेशकाची जागा घ्यावी, असे मला म्हणायचे नाही. मी अहवालाचा अर्थ लावत नाही. अहवालात "अर्थ अनिश्चित असलेला बदल" असा शेरा असेल, तर तो चांगला की वाईट याबद्दल मी एक शब्दही बोलत नाही. हा शेरा म्हणजे आजाराचे निदान नव्हे आणि त्याच्या आधारावर कोणताही निर्णय घेऊ नका, एवढेच सांगून त्यांना तज्ज्ञांकडे पाठवते. आपल्या लोकांच्या अहवालांत असे शेरे जास्त येतात, कारण तुलनेसाठी वापरला गेलेला जगभरचा साठा मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. जीनोम इंडिया प्रकल्पाने १०,००० भारतीयांचे जनुकसंच वाचून ती माहिती २०२५ च्या जानेवारीत संशोधकांसाठी खुली केली आहे, त्यामुळे पुढे फरक पडावा. तोपर्यंत त्या अनिश्चिततेसह घरी जाणाऱ्या बाईला "पुन्हा कधी विचारायला यायचं" हे सांगणारे कुणीतरी हवे.

कायद्याचा उल्लेख तुम्ही केला, म्हणून त्याच कायद्यातील एका तरतुदीकडे लक्ष वेधते. गर्भाची अशी तपासणी करण्याआधी तिचे दुष्परिणाम स्त्रीला समजावून सांगितले पाहिजेत, तिला समजणाऱ्या भाषेत तिची लेखी संमती घेतली पाहिजे आणि संमतिपत्राची प्रत तिला दिली पाहिजे, असे पाचवे कलम सांगते. "तिला समजणाऱ्या भाषेत" हे शब्द सीमाभागात फार वजनदार आहेत. खानापूरच्या मराठी बाईला कानडी कागद आणि गडहिंग्लजला दिलेल्या कानडी लेकीला मराठी कागद, दोन्ही तितकेच परके. हा भाषेचा अभिमान मिरवण्याचा विषय नाही. सहीच्या वेळी तिला काय कळले, एवढाच प्रश्न आहे, आणि तो विचारण्याची जागा परिचारिकेची आहे. मी कागद वाचून दाखवल्यावर त्या बाईंना म्हणते, "आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं ते." त्या जे सांगतात त्यावरून पुन्हा कुठून सुरुवात करायची हे कळते.

शब्दही जपून निवडावे लागतात. "वाहक" म्हटले की आपल्या लोकांना एसटीतला वाहक आठवतो किंवा रोग पसरवणारा माणूस वाटतो. मी "गुण लपून असलेली व्यक्ती" असे म्हणते. "आनुवंशिक" हा शब्द मराठीत आणि कानडीत एकच आहे, पण दोन्हीकडे तो ऐकून माणूस गप्प होतो. "घराण्यात चालत आलेलं" म्हटले की बोलू लागतो.

कृष्णाकाठ

मी नर्सिंग महाविद्यालयात शिकवते. आमच्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात जनुकशास्त्र पॅथॉलॉजीला जोडून येते आणि मुली ते परीक्षेपुरते पाठ करतात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते हे त्यांना येते. सिकलसेल असलेल्या मुलीच्या वडिलांशी काय बोलायचे हे येत नाही. परिचारिकांनी या विषयाची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघटना १९८८ मध्येच उभारली होती, म्हणजे मानवी जनुकसंच वाचण्याचा प्रकल्प सुरू होण्याच्याही आधी. आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ० ते ४० वयोगटातील ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. ही तपासणी उपकेंद्राच्या पातळीवर करणाऱ्या बहुतेक जणी परिचारिकाच आहेत. तेव्हा डॉक्टरांचा प्रश्न, त्यांच्याकडे हे काम द्यायचे का, थोडा उशिरा आला आहे. काम आलेले आहे. शिक्षण यायचे आहे.

मी वर्गात औषधांपासून सुरुवात करते, कारण तिथे परिचारिकेचा हात प्रत्यक्ष असतो. जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाला डांबरगोळ्यांच्या वासातल्या कपड्यांमुळेही तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. आपल्याकडे बारशाला ट्रंकेतली जुनी दुपटी आणि आजीच्या साड्या निघतात, त्या डांबरगोळ्यांतच ठेवलेल्या असतात. घरी सोडताना हे एक वाक्य सांगायला अर्धा मिनिट लागतो. फिटसाठी कार्बामाझेपिन सुरू केलेल्या रुग्णाच्या तोंडात फोड, डोळे लाल आणि अंगावर पुरळ दिसले, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना बोलवायचे. एचएलए-बी १५:०२ हा जनुकप्रकार असलेल्यांमध्ये या औषधाची प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. शस्त्रक्रियेआधीच्या तयारीत "तुमच्या घरात भूल दिल्यानंतर कुणाचा श्वास उशिरा सुरू झाला होता का" हे विचारायचे, कारण भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी दिलेले सक्सिनिलकोलिन शरीरातून निघून जाण्यास काही घराण्यांत तास न् तास लागतात. आर्य वैश्य समाजात हा गुण अधिक आढळतो, हे भूलतज्ज्ञांना ठाऊक असते, पण कागदावर समाजाचे नाव पाहून अंदाज बांधण्यापेक्षा घरचा इतिहास विचारणे केव्हाही योग्य, असे मी मुलींना सांगते.

घटप्रभा

माझा अनुभव वेगळ्या आजाराचा आहे. माझ्या आत्याला ४१ व्या वर्षी आणि चुलत बहिणीला ३६ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. दोघीही वडिलांच्या बाजूच्या, त्यामुळे "तुला काय, तुझ्या आईकडे कुणाला नाही" असे मला सगळे सांगत. केमोथेरपीच्या विभागातील सिस्टरांनी बहिणीची वंशावळ काढताना माझ्या वडिलांच्या चौकोनावर बोट ठेवले आणि म्हणाल्या की हे जनुक पुरुषांतूनही पुढे जाते. त्यांना स्वतःला काही झालेले नसले तरी मुलीला ते मिळण्याची शक्यता असते. बहिणीच्या अहवालात बीआरसीए-१ या जनुकात दोष आढळला. नंतर वडिलांच्या अहवालात तोच दोष आढळला आणि मग माझ्याही.

८० वर्षांपर्यंतच्या आयुष्यात अशा स्त्रीला स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास असते. हा आकडा मला डॉक्टरांनी सांगितला. त्या रात्री मला झोप लागली नाही आणि दुसऱ्या दिवशी फोन केला तो सिस्टरांना. त्यांनी आकडा बदलला नाही किंवा खोटा धीर दिला नाही. आता दर वर्षी एमआरआय कधी, कुठे, खर्च किती, कोणत्या गोष्टीचा निर्णय आज घ्यायचा नाही, हे त्यांनी क्रमाने लिहून दिले.

सर्वांत अवघड होते ते बाकीच्यांना कळवणे. आमच्या घरच्या मुली चंदगड, आजरा, कोल्हापूर, हुबळीपर्यंत दिल्या आहेत. त्यातल्या दोघींच्या सासरी हे कळले तर काय होईल, याची धास्ती होती. सिस्टरांनी एक पत्र तयार करण्यास मदत केली. त्यात कुणाचेही नाव न घालता "घराण्यात असा गुण आढळला आहे, तपासणी करायची की नाही हे तुमच्या इच्छेवर आहे" एवढेच लिहिले होते. पाचपैकी तिघींनी तपासणी केली. दोघींनी नको म्हटले, आणि सिस्टर म्हणाल्या की त्यांना पुन्हा विचारू नका, दार उघडे आहे एवढेच कळू द्या. मला तेव्हा ते पटले नव्हते. आता पटते.

दूधगंगा

घटप्रभाताई, तुमचा प्रतिसाद वाचून माझ्या मताचा एक भाग मी मागे घेतो. माहिती देणे आणि ती पेलण्यास सोबत करणे यांत मी फरक केला नव्हता. भाराविषयीचे माझे म्हणणे मात्र कायम आहे. जी सिस्टर ४० रुग्ण सांभाळते तिला वंशावळ काढायला सांगणे अन्यायाचे होईल. आठवड्यातील एक दुपार केवळ यासाठी राखून ठेवता येईल का, हे मी आमच्या तालुक्यात सुचवून पाहतो.

वेदगंगा

मलप्रभाताई, एक विचारते. खानापूरच्या त्या बाई आता कशा आहेत? मी दर तिसऱ्या आठवड्याला मुलाला घेऊन बेळगावला येते. त्यांची इच्छा असेल तर त्यांच्याजवळ बसून बोलेन. निर्णयाविषयी काही सांगणार नाही, तो त्यांचा आहे. गोळीची चव मुलाला नको वाटते तेव्हा मी काय करते, एवढे तरी सांगू शकेन.

मलप्रभा

वेदगंगाताई, त्या कशा आहेत हे मी इथे लिहू शकत नाही, ते तुम्ही समजून घ्याल. पुढच्या भेटीत मी त्यांना एकटीला विचारेन की अशी एक आई आहे, तिच्याशी बोलायला आवडेल का. त्या हो म्हणाल्या तर तुम्हाला निरोप देईन. नाही म्हणाल्या तर तुमचा उल्लेख पुन्हा करणार नाही. रक्त चढवण्याच्या वॉर्डातल्या आमच्या दोन नव्या सिस्टरांना मात्र तुमची गोळीची युक्ती आजच हवी आहे, तेवढी मला व्यक्तिगत निरोपात लिहून पाठवा.